तिसऱ्या होलखालची वाट

"हे कोणाचे पाय?"

क्लबच्या सेक्रेटरी साहेबानं गोल्फच्या काठीनं खाली दाखवलं. मी पाहिलं. पाहताच ओळखलं.

आमच्या चांद्याच्या उन्हात बारीक कातरलेलं गवत टिकत नाही. म्हणून जिथं शेवटी चेंडू भोकात ढकलायचा तिथं बारीक वाळू पसरून तिच्यात जळकं तेल मुरवलेलं असे. साहेब लोक त्याला ब्राउन म्हणत. तव्यासारखं गोल, काळपट, सपाट. त्यावर काडीची रेघ चालत नसे. आणि त्या दिवशी तिसऱ्या होलच्या ब्राउनवरून आरपार अनवाणी पाय गेले होते. डाव्या पायाला शेवटची दोन बोटं नव्हती.

माझ्या मायच्या डाव्या पायाची दोन बोटं खाणीत कोळशाच्या ट्रॉलीखाली गेली होती. हे सगळ्या खाणीला माहीत. सेक्रेटरीलाही माहीत. त्याला उत्तर नको होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"माझ्या आईचे," मी म्हणालो.

"पूस."

वाळू सारखी करायला लांब दांड्याची फळी असते. ती आणायला मी वळलो.

"फळीनं नाही. हातानं. म्हणजे तुम्हा लोकांच्या लक्षात राहील."

मागं चौघं जण खेळ थांबवून उभे होते. खाणीचे डॉक्टर, जंगल खात्याचे एक साहेब, एक वकील आणि ज्यांनी हे मैदान आखलं ते इंजिनिअर साहेब. वकिलांनी घड्याळ पाहिलं. "जरा लवकर," म्हणाले. डॉक्टर हसले. इंजिनिअर साहेबांनी सिगारेट पेटवली आणि मोहाच्या झाडांकडं तोंड फिरवलं.

मी गुडघ्यांवर बसलो. तेवीस वर्षांचा होतो. मायचं एकेक पाऊल तळहातानं पुसत गेलो. टाचेचा खड्डा खोल होता. डोक्यावर पाण्यानं भरली गुंडी होती ना. आधी टाच बुजवायची, मग तळवा, मग बोटं. डाव्या पायाची तीन, उजव्या पायाची पाच. तेलाची वाळू नखांत घुसली. शेवटचं पाऊल पुसून मी बाजूला झालो तसा डॉक्टरांनी चेंडू ढकलला. तो सरळ गेला आणि भोकात पडला.

टाळ्या वाजल्या.

मी काहीच बोललो नाही. हे मी आधी सांगून टाकतो. पुढं जे काही केलं ते केलं, पण त्या दिवशी मी बोललो नाही.

आणि दुसरंही सांगतो. ते ब्राउन तिथं होतं ते माझ्या हातानं होतं.

आमचं गाव कोळशाचं. खाणीचे बंगले उंचावर, गाव मधे आणि नाल्याच्या पलीकडं आमचा महारवाडा. गावातल्या विहिरीवर आम्हाला मज्जाव. नाल्याचं पाणी कोळसा धुऊन काळं झालेलं. म्हणून माझ्या आज्यानं आणि त्याच्या सोबतीच्या माणसांनी गायरानाच्या टोकाला, मोहाच्या झाडांपलीकडं, स्वतः विहीर खोदली. मुरूम फोडून खोदली. गोड पाणी लागलं. मोहल्ल्यातून त्या विहिरीकडं एक वाट गेली होती. कुणी आखली नाही, कुणी बांधली नाही. बाया चालत गेल्या, वाट होत गेली.

मी सहावीपर्यंत शिकलो. बाप गेला, शाळा सुटली. मग जमीन मोजणाऱ्यांच्या हाताखाली खलाशी म्हणून लागलो. साखळी ओढायची, झेंडी धरायची, खुंटी ठोकायची. माझ्या जोडीला मडावी दादा होता. जंगलातल्या एका टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, गोंड म्हातारा. जमिनीकडं बघून सांगायचा, पाणी कुठून येईल आणि कुठं जाईल.

इंजिनिअर साहेब नोकरीतून निवृत्त होऊन आमच्या गावी राहायला आले. त्यांनी मोठ्या मोठ्या शहरांत गोल्फ खेळलेलं. इथल्या साहेबांना गोळा करून त्यांनी मंडळ काढलं आणि सरकारकडून गायरान मागून घेतलं. अर्जात लिहिलं, गावातील सर्व लोकांच्या खेळासाठी. सर्व लोकांच्या. हा शब्द मी पुढं खूप वेळा वाचला.

मोजणीला त्यांनी मला आणि मडावी दादाला घेतलं. साहेब माणूस वाईट नव्हता. हेच मला अजून टोचतं. वाईट असता तर सोपं होतं. त्यांनी मला दुर्बिणीतून बघायला शिकवलं. चढउताराचे आकडे वाचायला शिकवलं. प्लॅनवर पेन्सिलीची रेघ दाखवून विचारायचे, "ही जमिनीवर कुठं आहे, सांग." मी धावत जाऊन तिथं उभा राहायचो. बरोबर असलं की म्हणायचे, "शाबास." मला माझ्या आयुष्यात तोवर कुणी शाबास म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दासाठी मी उन्हात दिवसभर झेंडी धरून उभा राहायचो.

ते सांगायचे, चांगलं मैदान जमिनीवर लादायचं नसतं, ते जमिनीतून काढायचं असतं. चढ असेल तर चढ वापरायचा. नाला असेल तर नाला. खेळणाऱ्याला समोर भोक दिसलं पाहिजे, आशा वाटली पाहिजे, आणि मधे अडचण पाहिजे. नऊ होल काढले. सातव्याचं ब्राउन त्यांनी काळ्या मातीत मांडलं होतं. मडावी दादा हसला. "इथी येर थांबते," म्हणाला. येर म्हणजे पाणी. मी साहेबांना सांगितलं, मुरमाच्या उंचवट्यावर घेऊ, वीस पावलं तिकडं. साहेबांनी पाहिलं, मान हलवली, खुंटी हलवली.

मग तिसरा होल आला. टेकाडावरून चेंडू मारायचा, नाला ओलांडायचा आणि मोहाच्या सावलीत ब्राउनवर उतरवायचा. साहेब म्हणाले, "हा आपला सर्वांत सुंदर होल." मी प्लॅन पाहिला. ब्राउन बरोबर आमच्या वाटेवर.

"साहेब, इथून आमची विहिरीची वाट आहे."

साहेबांनी सरकारी नकाशा उलगडला. बोट फिरवलं. "नकाशात तर नाही."

"नकाशात नसंल. पण आहे. आपण तिच्यावरच उभे आहोत."

त्यांनी खाली पाहिलं. खरंच त्यांचे बूट वाटेवर होते. म्हणाले, "बारा पावलं डावीकडं घेतलं तर भागेल. मंडळात बोलतो."

आठ दिवसांनी आले. म्हणाले, "नाही जमत. डावीकडं घेतलं तर क्लबच्या ओसरीतून होल दिसत नाही. मंडळाला तो दिसायला हवा. तुझ्या लोकांना थोडा फेरा पडेल, पण त्यांना चालायची सवय असते."

पाण्यासाठी खुंटी हलली होती. माणसांसाठी हलली नाही.

आणि मी काय केलं? हातोडा उचलला. खुंटी ठोकली. वाटेच्या मधोमध. मडावी दादा साखळी गुंडाळत होता. तो एवढंच म्हणाला, "ठोक बाबू, ठोक. कोनाच्या छातीत ठोकून राह्यला ते पाह्य."

मला राग आला त्याचा. मला वाटलं, या अडाण्याला काय कळतं. मी प्लॅन वाचणारा माणूस.

मैदान झालं. वाट नांगरली, रोलर फिरवला, गवत लावलं. भोवती काटेरी तार. उद्घाटनाला भाषण झालं, हे मैदान सर्वांचं आहे. आम्ही खलाशी तारेबाहेर उभं राहून ऐकलं. मंडळानं मला ब्राउन सारखे ठेवायच्या कामावर घेतलं. आमच्या बाया नाल्याच्या कडेनं फेरा घालून पाण्याला जाऊ लागल्या. पावसाळ्यात तिथं गुडघाभर चिखल. एक बाई घसरून पडली. तिचं सहा महिन्यांचं पोट रिकामं झालं. याची नोंद कुठंच नाही.

एका सकाळी माझ्या मायनं ढिली तार वाकवली आणि आपल्या जुन्या वाटेनं निघून आली. डोक्यावर गुंडी. वाटेत काय मांडून ठेवलंय ते तिनं पाहिलंही नसेल.

त्या दिवशी मी घरी गेलो. हात राखेनं घासले, मातीनं घासले. माय भाकर वाढता वाढता थांबली.

"हाताले तेलाचा वास काऊन येऊन राह्यला?"

मी हात मागं घेतला.

"माहे पाय तूच पुसले ना?"

"हो."

तिनं भाकर ताटात ठेवली. "ते गोल आपल्या वाटेवर कोनं मांडलं?"

"साहेबानं."

"खुंटी कोनं ठोकली?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिनं मान वर केली नव्हती.

"म्या."

ती उठून बाहेर जाऊन बसली. शिवी दिली नाही. रडली नाही. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पाणी मात्र आणत राहिली. माझ्या वाट्याचंही.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या मागं मागं निघालो. खलाश्याची सवय, पावलं मोजली. जुन्या वाटेनं चारशे होती. फेऱ्यानं एकोणीसशे झाली. तेही एका बाजूनं. माय पुढं लंगडत चाललेली. मधे एकदाच थांबली, गुंडी सावरली, परत निघाली. मी गुंडी मागितली. तिनं दिली नाही.

त्या दिवशी माझ्या आत काहीतरी मोडलं. वाईट वाटलं, असं म्हणून भागणार नाही. मला स्वतःची किळस आली. मला शाबास म्हणणाऱ्याच्या शाबासकीची किळस आली.

मी अर्ज लिहिला. मोहल्ल्याच्या सगळ्यांचे अंगठे घेतले. तहसीलदाराकडं दिला. विहिरीची वहिवाट बंद केली आहे, चौकशी व्हावी.

पंधरवड्यात सेक्रेटरीनं क्लबात बोलावलं. ओसरीवर खुर्च्या. इंजिनिअर साहेबही होते. मला उभं ठेवलं. पुढं एक टाईप केलेला कागद सरकवला.

"सही कर."

"कशाची आहे साहेब?"

"तुझ्या पक्क्या नोकरीची," सेक्रेटरी म्हणाला. "मुकादम होशील. तू त्या मोहल्ल्यातला, आणि मोजणीलाही तूच होतास. तुझं म्हणणं तहसीलदार मानतील."

मी कागद उचलला. मोठ्यानं वाचायला लागलो. त्यांना वाटलं नव्हतं मी मोठ्यानं वाचेन. ओसरीच्या टोकाला चहा घेत बसलेले लोक वळून बघू लागले. "मोजणीच्या वेळी सदर जागेवर कोणतीही पायवाट अथवा वहिवाट नव्हती, हे मी स्वतः…"

"मनात वाच," सेक्रेटरी म्हणाला.

मी शेवटपर्यंत मोठ्यानंच वाचलं. मग कागद टेबलावर ठेवला.

"वाट होती. खुंटी म्या ठोकली, म्हणून मले माहीत आहे. मी सही करणार नाई."

सेक्रेटरी उठला. "ह्यांना शिकवलं की हे असं होतं," असं साहेबांकडं बघून म्हणाला. माझ्याकडं नाही.

इंजिनिअर साहेब हळू आवाजात बोलले. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "मी तुला हाताला धरून शिकवलं. त्याची ही परतफेड?"

"साहेब, तुम्ही शिकवलं ते मी विसरलो नाई. तुम्ही आपले बूट कुठं होते ते विसरले."

त्यांचा चेहरा लाल झाला. मला तिथल्या तिथं कामावरून काढलं. भीती वाटत होती. पण पायरी उतरलो तो ताठ उतरलो.

चौकशीला नायब तहसीलदार आले. सोबत मंडळाचे सगळे साहेब. तारेच्या बाहेर आमचा अख्खा मोहल्ला. नायब साहेब चौफेर बघून म्हणाले, "इथं तर गवत आहे. वाट कुठं?"

मी म्हणालो, "दाखवतो."

उसनी साखळी आणली होती. एक टोक मोहाच्या झाडाला मडावी दादानं धरलं. त्याचीही नोकरी जाणार होती, तरी आला. मी दोन बाजूंनी मापं घेतली आणि गवतात दोन रेघा ओढल्या. म्हटलं, रेघांच्या बाहेर खणा. दादानं कुदळ मारली. माती भुसभुशीत. दुसऱ्या बाजूला मारली. तशीच. मग रेघांच्या आत मारली. वरची नांगरलेली माती निघाली आणि कुदळ टण्णकन उडाली. परत मारली. परत उडाली. खाली दगड नव्हता. माती होती. बायांच्या टाचांनी दाबून दाबून लोखंड झालेली माती. दादानं हातानं झाडून काढली तशी वाटेची हातभर रुंद पाठ उघडी पडली, विहिरीच्या दिशेनं गेलेली.

माझी माय तारेपाशी आली. आठ दिवसांनंतरही ती माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलायची. त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरानं बराबर दाखोलं."

मला वाटलं, जिंकलो. एवढं उघडं सत्य. आता कोण नाही म्हणेल?

हुकूम आला. नकाशात नोंद नसल्यानं वहिवाट सिद्ध होत नाही. मात्र मंडळानं उदार मनानं तारेला एक फाटक ठेवण्याचं कबूल केलं आहे. सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी एक तास बायांनी ब्राउनला वळसा घालून जावं. फाटकावर पाटी लागली, मंडळाच्या सौजन्यानं.

मी पेटलो. म्हटलं, भीक नको. आपली वाट आहे, आपण तिला फाटक का मानायचं? कुणी त्या फाटकातून जायचं नाही.

माय म्हणाली, "तुह्या घशाले कोरड पडली तर तू भाषण देतं. माह्या घरात पाणी लागते. मी जाईन. सगळ्या बाया जातील. पन तू अर्ज सोडजो नको."

बाया गेल्या. मी चरफडत बघत राहिलो. मला तेव्हा ते शरण जाणं वाटलं. पाणी मी कधी डोक्यावरून आणलं नव्हतं, म्हणून वाटलं.

अर्ज सोडला नाही. तहसिलीतून चांद्याला गेलो, चांद्याहून नागपूरला. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. साहेब दौऱ्यावर आहेत. बाबू रजेवर आहे. कागद वर पाठवला आहे. कागद खाली पाठवला आहे. मधेच राज्य बदललं. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. आमची फाईल कुठंच गेली नाही. ती आपल्याकडं नाही, असं दोन्हीकडचे बाबू म्हणाले. मी नव्यानं अर्ज लिहिला. नव्यानं अंगठे घेतले. तोवर दोन अंगठे मेले होते.

पोटासाठी मी शेतकऱ्यांच्या बांधांची मोजणी करून देऊ लागलो. जाईन त्या गावात आधी विचारायचो, नकाशात नसलेली कोणती वाट आहे, कोणती विहीर, कोणतं मसण. ते सारं कागदावर काढून गावाच्याच हवाली करायचो. लोक हसायचे. मी हसत नव्हतो.

मग एकदा इंजिनिअर साहेबांचा निरोप आला. गेलो. केस पांढरे झाले होते. यावेळी त्यांनी बसायला स्टूल दिलं. म्हणाले, "झालं गेलं सोड. तुझ्यासारखी साखळी धरणारा मला परत भेटला नाही. नवे नऊ होल काढतोय, नाल्याच्या वरच्या अंगाला."

प्लॅन उलगडला. रेखाटन सुरेख. त्यांचा हात अजून कापत नव्हता. मी जागा ओळखली. तिथं मडावी दादाचा टोला होता. बारा घरं, धानाचे बांध, त्यांच्या देवाचं झाड. कागदावर तिथं नुसती पांढरी जागा, आणि तिच्यात पेन्सिलीनं चौदाव्या होलचा आकडा.

"कधी आखायचं साहेब?"

"परवा सकाळी."

मी स्टुलावरून उठलो. "मी साखळी धरणार नाई. आन परवा तुम्ही याल त्याच्या आधी मी तिथं असंन. सांगून जाऊन राह्यलो. मागून केलं म्हणू नका."

सरळ टोल्यावर गेलो. दुपार होती. माणसं धानाच्या खळ्यावर होती. मडावी दादाला आता नीट दिसत नव्हतं. त्याच्या पोराला, सुनेला, सगळ्यांना बसवलं. मोजणी कशी होते ते सांगितलं. आधी झेंडी येते, मग साखळी, मग खुंटी. खुंटी ठोकली की पुढचं सारं कागदावर होतं, आणि कागदापुढं आपल्याला उभं राहायला जागा नसते. म्हणून खुंटीच ठोकू द्यायची नाही. मारामारी नको, शिवीगाळ नको. जिथं ठोकतील तिथं बसायचं.

दादाच्या सुनेनं विचारलं, "पोलीस आनले तं?"

"तरी बसायचं. पुढं मी बसंन."

ठरल्या दिवशी ते आले. आम्ही बसलो. ते गेले. महिन्यानं पुन्हा आले. पुन्हा बसलो. तिसऱ्या वेळी सोबत दोन शिपाई होते. मला काठी बसली, खांद्यावर. मी बसूनच राहिलो. बाया माझ्या दोन्ही बाजूंना येऊन बसल्या.

इंजिनिअर साहेब छत्री धरून समोर उभे होते. त्यांनी तोच हळू आवाज लावला.

"किती दिवस बसशील असा?"

"तुम्ही किती दिवस येता ते सांगा," मी म्हणालो. "मी उठणार नाई."